ग्रुपवरची सुरमई

लोक पाहुणे आले की सुरमई करतात. आम्ही एका हंगामात ती इतकी खाल्ली, की एका दुपारी बाबांनी पानावर बसल्या बसल्या हात जोडले आणि म्हणाले, "बाई गं, आता पुरे कर." हे ते आईला म्हणाले की पानातल्या तुकडीला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आईनं मात्र ते स्वतःवर घेतलं. "लोकांना बघायला मिळत नाही," असं म्हणून तिनं त्यांच्या पानात आणखी एक तुकडी वाढली, आणि बाबा बिचारे सोलकढीच्या आधारानं ती खाली उतरवत राहिले.

रत्नागिरीत आमचं घर बंदराच्या वरच्या उतारावर. खालून जांभ्या दगडाची पाखाडी चढत यायची आणि तिच्या दोन्ही अंगांना आमची आठ-दहा घरं. पायऱ्या अशा उभ्या, की नवा माणूस मधल्या वळणावर थांबून उगाचच समुद्राकडे बघायचा, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. सगळ्यांची स्वयंपाकघरं एकाच बाजूला, वाऱ्याच्या तोंडाशी, त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय ते लपत नसे. त्यात आमच्या बाबांचं नाक म्हणजे काय विचारता! कचेरीत कारकुनी केली त्यांनी जन्मभर, पण देवानं नाक दिलं होतं एखाद्या आचाऱ्याचं. रविवारी पडवीत पेपर वाचता वाचता ते पान न उलटता सांगायचे, "सावंतांकडे बांगडे. आमसूल जरा जास्त झालंय." आणि सावंतकाकी दुपारी आईला सांगायच्या, "अगो, आज कढी आंबटढाण झाली." अशा माणसाला जगातले सगळे मासे सोडून आवडायची फक्त तारली. कुरकुरीत तळलेली, नाहीतर हळदीच्या पानात गुंडाळून भाजलेली. आई म्हणायची, "ह्यांच्याशी लग्न करून माझा एक फायदा झाला, आवड स्वस्तातली आहे."

मासे आणायची शेवंतीमावशी. आधी खालून तिचा आवाज यायचा, मग पाटी दिसायची, मग ती. "म्हावरं घ्या गो, म्हावरंऽऽ" हा तिचा हाकारा ऐकला की आमची मांजर आणि आई दोघी एकदमच दाराशी हजर. पाटी ती आमच्या कट्ट्यावर स्वतःच उतरवायची, कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. मग आई उंबऱ्यावर बसून माशांचे कल्ले उघडून बघायची, पोटं दाबायची आणि नाक मुरडायची. "हे कालचे वाटतात गो." "काल मी आलीच नाय, तर कालचं मासं कुठून येतील?" "मग परवाचे असतील." "घेऊ नको जा! तुला घे म्हणून सांगितलंय कुणी?" एवढं झाल्यावर मावशी तारल्यांचा एक वाटा काढायची, वाटा म्हणजे हाताच्या ओंजळीनं घातलेला ढीग, आणि वर आणखी चार तारल्या टाकायची. त्या वरच्या चार टाकल्याशिवाय आमच्या घरी मासा आला असं कुणी मानत नसे. भांडण संपलं की आई तिला चहा द्यायची आणि दोघी सुनांवर, पोरांवर, गुडघ्यांवर बोलत बसायच्या.

गुडघ्यांवर बोलणं मात्र दर वर्षी वाढत गेलं. शेवटी शेवटी मावशी पाखाडीच्या मधल्या वळणावर पाटी ठेवून बसायला लागली, आणि तिचा हाकारा तिथूनच यायचा, तोही तुटक. डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, की डोक्यावर ओझं घेऊन चढण चढलीस तर एक दिवस पायच धरून बसशील. ती ऐकणाऱ्यातली नव्हती. पण तिची सून प्राजक्ता सासूहून हट्टी निघाली. लग्न होऊन आली तेव्हा ही कॉलेजात शिकलेली पोर मासे काय विकणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. तिनं एक जुनी स्कूटर घेतली, पुढे थर्माकोलचा खोका बांधला, आणि आमच्या पाखाडीतल्या सगळ्या बायकांचा फोनवर एक ग्रुप काढला. नाव 'ताजी मासळी', पुढे माशाचं चित्र. पहाटे बंदरात होड्या लागल्या की ती माशांचे फोटो टाकणार, बायकांनी काय हवं ते लिहायचं, मग ती लिलावात तेवढंच घेणार आणि वरच्या रस्त्यानं येऊन घरोघर देणार. सासूला तिनं सांगितलं, "तुम्ही घरी बसायचं." मावशी म्हणाली, "फोटोतलं मासं दाबून बघता येतं काय गो?" पण मग तिनं सुनेला मुदत दिली: दिवाळीपर्यंत चालव तुझा फोन. धंदा बसला तर मी माझी पाटी घेऊन परत पाखाडी चढणार, आणि तेव्हा मला अडवायचं नाय. हे प्राजक्तानंच आईला सांगितलं होतं. "वयनी, एवढा हंगाम निघू दे बघा," असं म्हणताना तिनं आईचा हात धरला होता.

आईला ग्रुप फार आवडला. तोवर आमच्या घरात फोनवरून काही मागवायचं म्हणजे मलाच बोलवायचे, आणि आलेल्या खोक्याकडे आई संशयानं बघायची. पण इथे आपल्याच पाखाडीतल्या बायका, ओळखीची मासळी. पहिल्या दिवशी फोटो आले, आईनं तारल्या बघितल्या, आणि 'तारल्या' लिहायला बोट पुढे केलं, तेवढ्यात वरच्या बंगल्यातल्या परुळेकरबाईंचा मजकूर येऊन पडला: 'सुरमई, एक किलो.' परुळेकरबाई बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, बोलायला मोजक्या, इस्त्रीची साडी नेसून बागेला पाणी घालणाऱ्या. त्यांच्याखाली लगेच सावंतकाकींनी लिहिलं, 'आम्हालापण सुरमई.' मग आणखी एकीनं पापलेट. आईचं बोट हवेतच राहिलं. दारात मावशीकडून तारल्यांचा वाटा घेताना तिला कधी काही वाटलं नव्हतं, कारण तो तिचा आणि मावशीचा व्यवहार. इथे सगळी पाखाडी बघत होती. त्या ओळीच्या खाली 'तारल्या' म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडून बसल्यासारखं झालं असतं. "मंजे," आई मला म्हणाली, "सुरमई कशी लिहायची गं? सु पहिला की दुसरा?" मी म्हटलं, कशीही लिही, येईल ती सुरमईच.

आणि येतच राहिली. आमच्याकडचं खाणंपिणं त्या दोन महिन्यांत असं बदललं, की बाहेरच्या माणसाला आम्हाला लॉटरी लागली असं वाटलं असतं. तळलेली सुरमई, सुरमईची कढी, उरलेल्या डोक्याचं सार. पण सुरमई एका दारानं आत आली की बाकीचं काय काय दुसऱ्या दारानं बाहेर जात होतं, ते फक्त आम्हाला माहीत. संध्याकाळच्या चहाबरोबरची फरसाणाची पुडी बंद झाली. दूध कमी झालं आणि चहा काळसर झाला. माझ्या नव्या ड्रेसचं आई "बघू, दिवाळीत" म्हणू लागली. बाबांचा साप्ताहिक अंकही बंद झाला, आणि ते जुनाच अंक पहिल्यापासून परत वाचताना दिसायचे. पैसे फोनवरूनच जायचे, टिंग आवाज आला की गेले, त्यामुळे पाकीट उघडताना माणूस जो एक क्षण थांबतो तोही थांबायला वाव नव्हता. बाबा एकदाच बोलले, "अगो, आपण कुणासाठी जेवतोय?" आई म्हणाली, "म्हणजे काय? पोटासाठी." पण ती जरा घुटमळली होती. मला स्वतःला सुरमई आवडायची, काटे नसतात, त्यामुळे मी मध्ये पडले नाही.

आता मी माझ्या फोनवर काय मागवते ते शेजारणीला कळत नाही, आणि शेजारीण कोण तेही मला धड माहीत नाही. दाराबाहेर खोका ठेवून मुलगा निघून जातो. त्या दिवसांतली आईची धडपड आठवली की मला हसू येतं, आणि जरा हेवाही वाटतो, की तिला निदान कुणासमोर तरी मिरवायचं होतं.

मग तो रविवार उजाडला. ग्रुपवर सकाळी नेहमीप्रमाणे सगळ्यांची सुरमई लिहून झाली होती. बाबा पडवीत बसले होते, आणि अचानक त्यांनी पेपर खाली ठेवला. डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. "सावंतांकडे तारल्या," ते म्हणाले. असं म्हणाले, की जणू एखाद्यानं बायको माहेरी गेल्यावर पहिल्याच दिवशी तिचं नाव घ्यावं. आई आतून ओरडली, "काहीतरीच! त्यांनी सुरमई लिहिलीय, मी स्वतः वाचलंय." "लिहिली असेल. तळतायत तारल्या." "तुम्हाला सर्दी झालीय." "सर्दी झाली तरी तारली कळते मला. लाव पैज!" शेवटी आईनं मला सावंतांकडे वाटीभर साखर मागायला पाठवलं, आमच्या डब्यात साखर असताना. मी मागच्या दारानं गेले तर तव्यावर तारल्या, एकीला एक लागून, आणि काकींच्या हातात सराटा. मला बघून त्यांचा चेहरा असा झाला की बस. "अगो मंजू, पाहुणे यायचे होते ते आले नाहीत, म्हणून मग प्राजक्ताला वेगळं कळवलं," त्या म्हणाल्या. "सगळ्या तसंच करतात गो. ग्रुपवर एक लिहायचं, मग तिला एकटीला कळवायचं."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई ओट्याला टेकून उभी राहिली. "म्हणजे लिहायचं एक आणि खायचं एक?" मग तिनं कपाळाला हात लावला. "आणि मी गाढवासारखी खरंच घेत बसले!" बाबा इतके खूश झाले, की त्यांनी स्वतःच्या हातानं चहा टाकला. "मग झालं तर! तूही कळव की गुपचूप. पुढच्या वेळेपासूनच कळव." आई चिडली होती सावंतकाकींवर, परुळेकरबाईंवर, स्वतःवर, पण घरात पुन्हा फरसाण येणार या विचारानं तीही हळूहळू हसायला लागली. दुसऱ्या मासळीच्या दिवशी तिनं ग्रुपवर झोकात 'सुरमई' लिहिलं, आणि मग माझ्याकडून प्राजक्ताला वेगळा निरोप धाडला: सुरमई राहू दे, तारल्या दे. बाबांनी त्या दिवशी डबाच नेला नाही, दुपारी जेवायला घरी येतो म्हणाले.

प्राजक्ता आली ती अकराच्या सुमारास. तारल्या घेऊनच आली. पण नेहमी स्कूटर लावतानाच "वयनीऽऽ" करणारी पोर त्या दिवशी थेट कट्ट्याशी येऊन उभी राहिली. आईनं टोप पुढे केला, तिनं तारल्या ओतल्या, आणि मग तिचे डोळे भरून आले. "वयनी, तुम्हीपण?" आईला काही कळेना. मग ते सगळं बाहेर आलं. सकाळी ग्रुपवर बघून ती लिलावात सुरमई घ्यायची. ती घेऊन बाहेर पडेपर्यंत एकेकीचा निरोप यायचा, सुरमई नको, हे दे, ते दे. घेतलेला मासा लिलावात परत करता येत नाही. मग ती तो पडेल भावात हॉटेलवाल्याला द्यायची. "रोज एकच सुरमई खरी जायची, ती तुमची. मी सासूला तेच सांगत होते, बघा, एक घर तरी पक्कं आहे." नाक पुसत ती म्हणाली, "तिनं कालच पाटी धुऊन वाळत टाकलीय. उद्यापासून मी चढणार म्हणते." "अगो, मग तू ग्रुपवर सांगितलं का नाहीस?" आईनं विचारलं. "कुणाला सांगू? सगळ्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक. ह्यांच्या घरी चहा प्यायलोय आम्ही. खोटं लिहिता असं तोंडावर कसं म्हणू?"

दुपारी बाबांनी तारल्या खाल्ल्या, मनसोक्त. आई मात्र पानावर नुसता भात चिवडत होती. बाबा म्हणाले, "छान झाल्यात गो," तर ती म्हणाली, "तुम्ही जेवा, माझ्या घशाखाली उतरत नाही." तिला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हीतलं आधी काय करावं ते तिला ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आले आणि त्याखाली सुरमई सुरू झाली. परुळेकरबाई, सावंतकाकी, एकापाठोपाठ एक. आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "ते बोलायचं कुठे दाबतात?" मी दाखवलं. आईचा आवाज मुळात मोठा, त्यात फोनवर बोलताना तिला वाटायचं की माणूस लांब आहे तर जोरात बोललं पाहिजे. "प्राजक्ता, मी बोलतेय! आमच्याकडे तारल्या, दोन वाटे! सुरमई नको! रोज ती आम्हाला परवडत नाही आणि आमच्या ह्यांना आवडतपण नाही! इतके दिवस घेतली ती सगळ्यांच्या बरोबरीनं दिसावं म्हणून घेतली, आता बास! जे सांगेन ते घेईन, मागाहून गुपचूप बदलणार नाही! आणि जी कुणी बदलत असेल तिनं आधी शेवंतीमावशीचे गुडघे बघून यावं! मंजे, हे आता बंद कसं करायचं गं?" हे शेवटचंही त्यातच गेलं.

मग सावंतांच्या खिडकीतून आईचा आवाज आला, "प्राजक्ता, मी बोलतेय!" तो संपायच्या आत समोरच्या घरातून, "सुरमई नको!" मग वरून, खालून, एका घरात आई परवडत नाही म्हणतेय तर दुसऱ्या घरात आत्ताच सुरू होतेय, अख्ख्या पाखाडीत आईच आई. बाबा चहाचा कप हातात धरून पडवीत आले आणि चहूकडे बघत म्हणाले, "अगो, तू सगळीकडून बोलतेस!" आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आता कुणाला तोंड दाखवू मी?" मी हसून हसून खाली बसले होते. फोन वाजला. परुळेकरबाईंनी लिहिलं होतं: 'मलाही तारल्याच. एक वाटा पुरे. मी एकटीच असते.' आईनं ते दोनदा वाचलं. त्याखाली काही क्षणांत सावंतकाकी, बांगडे. मग कुणाचे बोंबील, कुणाच्या मांदेल्या. अशी साधी, बारीक, घरगुती मासळी त्या ग्रुपवर पहिल्यांदाच पोहत आली.

पुढचं सांगून टाकते. ग्रुप टिकला. प्राजक्तानं पुढे दुसरी स्कूटर घेतली आणि खालच्या दोन आळ्यांनाही मासे द्यायला लागली. शेवंतीमावशीची पाटी त्या सकाळनंतर आमच्या पाखाडीला पुन्हा आली नाही. पण त्या सकाळी ती आली होती. सून लिलावाला गेल्याबरोबर हट्टानं दुसऱ्या एका होडीवरचे मासे उचलून ती निघाली होती, आणि आईचा आवाज घराघरांतून वाजत होता तेव्हा ती मधल्या वळणावर, पाटी शेजारी ठेवून, गुडघे चोळत बसली होती. मी वरून बघितलं आणि आईला दाखवलं. आई मॅक्सीवर ओढणी टाकून तशीच पायऱ्या उतरली, मी तिच्या मागून.

"काय गो वयनी," मावशी खालूनच म्हणाली, "वरडतेस कशाला एवढी? बंदरापर्यंत आयकू आलं."

"आण ती पाटी इकडे."

"हात लावू नको हां!"

पण आईनं लावला. मावशीची चुंबळ घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवली, मला म्हणाली, "धर गं एका बाजूनं," आणि पाटी डोक्यावर घेतली. पहिल्याच पायरीला ती अशी डुलली की मी पाटीची कड दोन्ही हातांनी धरली. माशांचं पाणी तिच्या कानामागून मॅक्सीत उतरत होतं. मावशी मागून सूचना देत होती, "मान सरळ ठेव गो! पायाकडे काय बघतेस, पाय कुठे जात नायत!" बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. सावंतकाकींना बघून आईच्या अंगात काय आलं कोण जाणे, तिनं घसा खाकरला आणि ओरडली, "म्हावरं घ्या गो, म्हावरंऽऽ!" सगळी पाखाडी फुटली हसून. सावंतकाकी सगळ्यांत जास्त हसल्या, मग डोळे पुसत हातात टोप घेऊन आमच्या मागोमाग आल्या. बंगल्याच्या फाटकातून परुळेकरबाई स्वतः खाली उतरल्या, हातात स्टीलचा छोटा डबा.

आमच्या कट्ट्यावर पाटी उतरवली तेव्हा आई लालेलाल झाली होती. ती पायरीवर मटकन बसली, मान दोन्ही हातांनी धरली, आणि हसता हसता एकदम रडायलाच लागली. मावशी तिच्या शेजारी बसली. वीस वर्षं ती आमच्या दाराशी आली होती, पण पायरीवर आईला लागून ती पहिल्यांदाच बसत होती.

"मावशी," आई म्हणाली, "एवढं वजन तू रोज आणायचीस?"

मावशीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रोज कुठे गो," ती म्हणाली, "सोमवार-गुरवार तुमी खात नव्हतात ना."